मोरीचं पाणी, माठ आणि मानधन

मैत्रिणींनो, पाणी जपून वापरा असं सांगणारे आपल्याला पैशाला पासरी भेटतात. भिंतीवर लिहिलेलं असतं, बसच्या पाठीवर लिहिलेलं असतं, पाणीपट्टीच्या बिलामागेसुद्धा छापलेलं असतं. पण ते जपायचं कसं, हे अंगणात उकिडवं बसून, मातीत हात घालून शिकवणारी बाई मात्र शोधावी लागते. आणि ती सापडली, की तिला पैसे कोण देणार हा प्रश्न उभा राहतो. आज मला तुमच्याशी बोलायचं आहे ते मुख्यतः या पैशांबद्दल. पाण्याच्या युक्त्याही सांगेन, घाबरू नका. पण पैशांचा विषय निघाला की आपण बायका पदर सावरून गप्प बसतो आणि "जाऊ दे, आपलंच काम आहे" म्हणतो, ते या वेळी जरा बाजूला ठेवूया.

आधी आमच्या मुलखाची ओळख करून देते. चंद्रपूर आणि गडचिरोली हे मुळात एकच जिल्हा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा झाला. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना वाटतं, जंगलाचा मुलूख म्हणजे पाण्याला काय तोटा! पाऊस पडतोही बरा. चंद्रपूरला वर्षाकाठी बाराशे मिलिमीटरच्या आसपास, गडचिरोलीला त्याहून जास्त. पण हे सगळं वैभव चार महिन्यांचं. होळी झाली की आकाश तापायला लागतं, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा दुपारी अंगणात टाकलेलं पाणी जमिनीत मुरतं की हवेत उडतं हे डोळ्यांना कळत नाही. घरोघरी कूलर चालू. आमच्या एका कूलरलाच दिवसाकाठी चार-पाच बादल्या लागतात. शहराला पाणी इरई धरणाचं, आणि त्याच धरणावर औष्णिक वीज केंद्रही चालतं. २०१० च्या उन्हाळ्यात धरणातलं पाणी इतकं खाली गेलं, की वीज केंद्राचे संच बंद ठेवायची वेळ आली होती. जिथे वीज केंद्राची ही गत, तिथे तुमच्या-माझ्या मोगऱ्याला कोण विचारतो?

खेड्याकडची तऱ्हा आणखी निराळी. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली, मूल या भागात घराची वाडी संपते तिथून जंगल सुरू होतं. विहीर आटली की बाई पहाटे लांबच्या विहिरीवर जाणार, आणि पहाट ही वाघाचीही वेळ. म्हणजे परसातल्या वेलीला घातलेला प्रत्येक गुंड कुणीतरी डोक्यावरून, कधीकधी जीव मुठीत धरून आणलेला असतो. शहरात आपण नळी सोडून फोनवर बोलत उभ्या राहतो तेव्हा हे लक्षात असू द्यावं. टोमणा मारत नाही, मीही शहरातच राहते.

आता थोडा हिशेब करूया. हिशेब आला की पान उलटू नका, हा वाणसामानाच्या हिशेबापेक्षा सोपा आहे. नव्या वसाहतींतून बंगल्यापुढे हिरवळ लावायची टूम आली आहे. हजार चौरस फुटांची हिरवळ धरा, म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. आमच्याकडच्या मे महिन्यात तिला रोज सहा मिलिमीटर पाणी लागतं असं अगदी हात आखडून धरलं, तरी रोजचे साडेपाचशे लिटर झाले. खेड्यातल्या माणसाला नळाने रोज ५५ लिटर पाणी मिळावं, असं सरकारच्या जल जीवन मिशनचं माप आहे. म्हणजे ज्या गवतावर कुणी बसत नाही, ज्याची भाजी होत नाही आणि जे गाईलाही घालत नाहीत, ते दहा माणसांचं पाणी पितं. चंद्रपुरात हिरवळ ही मला तरी शोभेची नव्हे, संकोचाची गोष्ट वाटते. मोगऱ्याचं म्हणाल तर तो मी सोडणार नाही. उन्हाळ्यात एवढं एक सुख हवंच.

तर सांगायची गोष्ट अशी, की आमच्या महिला मंडळाने परसबागेच्या पाण्याचा वर्ग भरवायचं ठरवलं. व्याख्यान नको, असं पहिल्याच बैठकीत ठरलं. व्याख्यानं आम्ही खूप ऐकली आहेत. वक्ता येतो, पाणी म्हणजे जीवन म्हणतो, अर्धी बाटली पिऊन उरलेली टेबलावर सोडून जातो. आम्हाला हवी होती प्रत्यक्ष करणारी. आमच्या मंडळातल्या एकीच्या माहेरी, मूलकडच्या एका खेड्यात, एक मावशी आहेत. मावशींची वाडी भर एप्रिलात हिरवी असते हे आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. त्यांना निरोप धाडला. त्या आल्या, आमच्या अंगणातली नळी बघितली आणि म्हणाल्या, "झाडाले पानी पाजाचं असते बाई, आंघोळ नाही घालाची." आमच्या वर्गाचा पहिला धडा हाच झाला.

मावशींनी काय काय शिकवलं ते सांगते, कारण ते तुमच्याही उपयोगाचं आहे.

पहिला माठ. साधा, कुंभाराकडचा, आठ-दहा लिटरचा. खड्डा करून गळ्यापर्यंत पुरायचा, तोंड तेवढं वर ठेवायचं. भोवती वीतभर अंतरावर दोडका, कारली, काकडी, दुधी असल्या वेलींचं बी टोचायचं. माठ भरून ठेवला की मातीला तहान लागेल तसं पाणी आपोआप झिरपतं. माती ओली असली की झिरपणं मंदावतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भरला की झालं. ही युक्ती मावशींना त्यांच्या आईकडून मिळाली. आणि गंमत अशी, की चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वी लिहिलेल्या शेतीच्या ग्रंथातही ती आहे. मावशींना हे सांगितलं तर म्हणाल्या, "असन. तिथंबी उन्हाळा असनच."

माठाच्या बाबतीत दोन गोष्टी सांभाळायच्या. घरातला जुना, पाणी थंड करेनासा झालेला माठ पुरावा असं आपल्याला वाटतं, कारण फेकवत नाही. पण जो माठ थंड करत नाही तो झिरपतही नाही. त्याची छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात. तेव्हा माठ नवाच घ्यावा, आणि रंग दिलेला तर मुळीच नको. दुसरं म्हणजे तोंडावर झाकण हवंच, खापराचं किंवा फरशीच्या तुकड्याचं. उघड्या स्वच्छ पाण्यात डास अंडी घालतात, आणि आमच्या भागात, विशेषतः गडचिरोलीकडे, हिवतापाने माणसं पिढ्यान् पिढ्या बेजार झालेली आहेत. भाजी पिकवावी आणि ताप विकत घ्यावा, असं नको.

दुसरं आच्छादन. आमचा मुलूख धानाचा, म्हणून तणस मुबलक. पण चांगली तणस ही जनावरांची वैरण आहे, ती बागेत पसरणाऱ्या बाईला मावशी उभं करणार नाहीत. भिजलेली, काळी पडलेली, गुरं तोंड लावत नाहीत ती तणस घ्यायची. नाहीतर सागाची, पळसाची वाळली पानं. माघ-फाल्गुनात अंगणात पानांचा खच पडतो आणि आपण तो झाडून पेटवून देतो. तीच पानं चार बोटं जाडीने वाफ्यावर पसरली की खालची माती दुपारीसुद्धा गार लागते. मात्र खोडाला चिकटवायची नाहीत. चार बोटं जागा मोकळी सोडायची, नाहीतर वाळवी लागते. त्यात मूठभर कडुनिंबाची पानं मिसळावी, असा मावशींचा आग्रह.

तिसरं मोरीचं पाणी. आपल्या आज्यांच्या घरी न्हाणीमागे अळू, केळ आणि कर्दळ असायचीच, आठवतं ना? ती शोभेला नव्हती. साबणाचं पाणी ही झाडं निमूटपणे पितात. पुढे मोऱ्यांना नळ्या आल्या, नळ्या गटाराला गेल्या आणि केळ अंगणातून बाजारात गेली. आंघोळीचं आणि कपड्यांच्या दुसऱ्या खळबळीचं पाणी पुन्हा बागेकडे वळवायला फार खटाटोप लागत नाही. एक पाइप आणि मध्ये गिट्टी-वाळूने भरलेली भोकाची बादली पुरते. भांड्यांच्या पाण्यात तेलकटपणा असतो, तो बादलीतच अडला पाहिजे, नाहीतर मातीवर साय धरते. फिनेल, ब्लीचिंग पावडर किंवा बाळाच्या दुपट्यांचं पाणी बागेला नको. हे पाणी साठवूनही ठेवायचं नाही, त्याच दिवशी घालायचं. रात्रभर राहिलं की वास मारतं. आणि सांबार, मुळा, पालक अशा मातीलगतच्या, कच्च्या खायच्या भाज्यांना ते मुळीच घालू नये. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर बरं का, पुण्याच्या वाचकांनी भलतं समजू नये!

तांदळाचं धुवण मात्र कशालाही चालतं. धानाच्या मुलखात दोन वेळा भात शिजतो, म्हणजे दोन वेळा तांदूळ धुतला जातो. तेवढ्यावर तुळस आणि मिरचीची दोन झाडं सुखाने जगतात.

मोठ्या झाडांचं आळं बुंध्याशी करू नये हेही मावशींकडूनच कळलं. झाडाची दुपारची सावली जिथे संपते तिथे गोल चर काढायचा आणि पाणी तिथे सोडायचं, कारण पाणी पिणारी बारीक मुळं त्या अंगाला असतात. वेळ सूर्य बुडाल्यावरची किंवा उजाडायच्या आतली.

फरक किती पडतो, हे मोजायचं आम्ही ठरवलं होतं. माझ्या नळीखाली बादली धरली तर एका मिनिटात पंधरा लिटरची बादली भरली. भाजीच्या वाफ्यांना रोज संध्याकाळी वीस मिनिटं नळी चालायची, म्हणजे ३०० लिटर. आता तिथे बारा माठ आहेत. आठ लिटरचा एक, आणि दर चौथ्या दिवशी भरायचे. रोजचे २४ लिटर पडतात. बाकीच्या झाडांचं भागतं मोरीच्या पाण्यावर. दोडके पहिल्यासारखेच लागले, कमी नाहीत की जास्त नाहीत.

आता येते खऱ्या विषयाकडे.

वर्ग भरवायचा तर खर्च येणार. चार बैठका, चोवीस जणी. आम्ही पैशांसाठी कुणाकुणाची दारं ठोठावली नाहीत! एका मोठ्या कारखान्याच्या साहेबांनी चहा पाजला, ऐकून घेतलं. कंपनी कायदा २०१३ पासून ठराविक मर्यादेवरच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, आणि त्यात पाण्याचं, पर्यावरणाचं कामही बसतं, हे आम्ही आधीच वाचून गेलो होतो. साहेब म्हणाले, "ठिबकचे पन्नास संच देतो. कार्यक्रम करा, आमचा फलक लावा, फोटो पाठवा." मी म्हटलं, "साहेब, संच नकोत, शिकवणाऱ्या बाईंचं मानधन द्या." ते बुचकळ्यात पडले. वस्तू दिली की पावती मिळते, फोटो निघतो, तिच्यावर नाव रंगवता येतं. मावशींच्या जिभेवरच्या चार वाक्यांवर नाव कुठे रंगवणार? शेवटी म्हणाले, "बघू." 'बघू' या शब्दाचा अर्थ तुम्हाला सांगायला नको.

पण मैत्रिणींनो, साहेब तरी परके. खरं बोलायचं तर वाद आमच्या मंडळातच झाला, आणि तोच मला जास्त लागला. मावशींना बैठकीचे पाचशे रुपये द्यावेत असं मी सुचवलं तर तीन-चार जणी एकदम म्हणाल्या, "अहो, पाचशे कशाला? खण-नारळ देऊ, जेवू घालू. त्या काय शिकलेल्या आहेत थोड्याच? घरात करतात तेच तर सांगणार." मागच्या वर्षी केक शिकवायला शहरातल्या एक बाई आल्या होत्या. त्यांनी सांगितली ती फी आम्ही पाकिटात घालून हसत दिली होती. केकच्या ज्ञानाला पाकीट आणि पाण्याच्या ज्ञानाला खण-नारळ! का? तर पहिल्या बाई इस्त्रीच्या साडीत आल्या आणि दुसऱ्या एसटीने, तळहाताला माती लागलेल्या. मावशी आमच्याकडे येतात त्या दिवशी त्यांची मजुरी बुडते, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मी ते बोलून दाखवलं. थोडी शांतता पसरली. मग आमच्यातल्या सगळ्यांत थोरल्या काकू म्हणाल्या, "नारळ देऊच, पण पाकिटावर ठेवून." ठराव झाला.

पैसे कुठून आले तेही ऐका. खर्चाचा अंदाज असा होता: मानधन २००० रुपये, चोवीस माठ २४०० रुपये, एसटी आणि चहा ४०० रुपये, मिळून ४८००. माठ शंभराला पडला तो जानेवारीत घेतला म्हणून. कुंभाराकडे मार्चनंतर भाव ऐकवत नाही. प्रत्येकीची फी पन्नास, म्हणजे १२०० जमले. उरले ३६००. संक्रांत जवळ आली होती. दरवर्षी आपण वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे, चाळण्या, साबणाच्या पेट्या लुटतो आणि दुसऱ्यांच्या घरून तसल्याच वस्तू घेऊन येतो. कुणीतरी म्हणालं, या वर्षी वाणाचे दीडशे रुपये प्रत्येकीने वर्गाला द्यावेत आणि वाण म्हणून प्रत्येकीला माठ मिळावा. सुगड तर आपण पुजतोच, हा त्याचाच थोरला भाऊ! तेवीस जणींनी दिले. एकीने नाही दिले, तिच्या सासूबाईंना डबेच लुटायचे होते. दीडशे कमी पडले ते आम्ही चहातून कापले, शेवटच्या बैठकीला साखरेचं पाणी मिळालं म्हणा ना.

ही झाली शहरातल्या मंडळाची गोष्ट. पण तुमच्यापैकी ज्या खेड्यात राहतात, त्यांना वाणाच्या पैशांवर विसंबायची गरज नाही. हक्काचे पैसे आहेत, फक्त मागावे लागतात. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. बहुतेक ठिकाणी ते शिलाई यंत्रांत नाहीतर सतरंज्यांत जातात. यंत्राबद्दल माझं म्हणणं नाही, पण कितव्या यंत्रानंतर थांबायचं? मुख्य ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते, तिथे हा विषय लेखी मांडता येतो. शिवाय १५ व्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी गावांना दिलेल्या निधीतला साठ टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिला होता, आणि त्यात पावसाचं पाणी साठवणं, सांडपाण्याचा पुनर्वापर हेही होतं. स्वच्छ भारतच्या २०२० मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावांसाठी सांडपाण्याच्या कामाला माणशी २८० रुपये धरले होते. आपल्या गावाचे कुठे गेले, हे ग्रामसेवकांना विचारायला हरकत नाही. गोड आवाजात विचारावं, पण विचारावं.

आदिवासी क्षेत्रातल्या गावांना आणखी एक वाट आहे. २०१५ पासून महाराष्ट्रात आदिवासी उपयोजनेच्या पैशांतले पाच टक्के पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट मिळू लागले. कशावर खर्चायचे ते ग्रामसभा ठरवते, आणि जलसंधारण त्या यादीत आहे. गडचिरोलीतल्या पुष्कळ गावांना हे लागू पडतं. तिसरी वाट खाणींची. २०१५ च्या कायद्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठान निघालं. खाणवाल्याने सरकारला जे स्वामित्वधन द्यायचं, त्याच्यावर आणखी दहा ते तीस टक्के या प्रतिष्ठानात भरायचे. चंद्रपुरात कोळसा आहे, गडचिरोलीत सुरजागडचं लोखंड आहे, तेव्हा ही पेटी रिकामी नाही. पिण्याचं पाणी, पर्यावरण, शिक्षण, महिला-बालकल्याण हे सगळे विषय त्यात अग्रक्रमाचे म्हणून लिहिलेले आहेत. खाणीच्या खड्ड्यात पाणी उतरतं आणि शेजारच्या गावाच्या विहिरीचा तळ दिसतो, तेव्हा त्या गावातल्या बायकांना पाणी राखायचं शिकायला त्या पेटीतून चार पैसे मिळाले तर ते उपकार नव्हेत.

शिक्षण आणि पैसा यांची सांगड कशी घालावी, हे बघायला आम्हाला लांब जावं लागत नाही. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे गाव तुम्ही ऐकलं असेल. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे ते गाजलं. २००९ मध्ये त्या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये त्यांनी आपला बांबू स्वतः विकला. बाहेरच्यांना तेवढं दिसतं. मला त्याहून मोठी वाटते ती त्यांच्या अभ्यास-गटांची रीत. हक्क मिळायच्या कितीतरी आधीपासून ही माणसं एकेका प्रश्नावर गट करून बसत, बाहेरच्या जाणकाराला बोलावत, ऐकत, उलट विचारत आणि मग ग्रामसभेत सर्वांच्या संमतीने ठरवत. बांबूचे पैसे मागाहून आले, अभ्यास आधी झाला. आपल्याकडे बहुधा उलटं होतं: आधी निधी येतो, मग तो ३१ मार्चच्या आत संपवायला शिबिर भरतं.

पाण्याचा कारभार पाहणाऱ्यांनीच शिकवण्याचा खर्च उचलावा, ही कल्पना काही जगावेगळी नाही. अमेरिकेत डेन्व्हर म्हणून उंच, कोरड्या प्रदेशातलं शहर आहे. तिथल्या पाणीपुरवठा खात्याने १९८१ साली कमी पाण्याच्या बागेला 'झेरिस्केप' असं नावच पाडलं आणि लोकांना बघायला नमुन्याची बाग करून दिली. लास व्हेगासकडचं पाणी खातं तर हिरवळ उपटून टाकणाऱ्याला १९९९ पासून चौरस फुटावर पैसे मोजून देतं! त्यांचा हिशेब सरळ आहे, की नवं पाणी आणण्यापेक्षा आहे ते वाचवायला शिकवणं स्वस्त पडतं. आपल्याकडे आमिर खान, किरण राव आणि सत्यजित भटकळ यांच्या पाणी फाउंडेशनने २०१६ ते २०१९ या काळात 'वॉटर कप' स्पर्धा घेतली, तेव्हा त्यांनी गावांना पैसे वाटले नाहीत. गावातून निवडलेल्या माणसांना राहून शिकायची सोय केली. खोदकामाचं श्रमदान गावांनी केलं. तिथे शिकवण्यावर पैसा लागला म्हणून चर निघाले, हे विसरता कामा नये.

आणि शिकवणं बंद पडलं की काय होतं, हे आमच्या झाडीपट्टीतल्या तलावांनी बघितलं आहे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया मिळून सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. माजी मालगुजारी तलाव हे त्यांचं सरकारी नाव. लोक त्याचं आद्याक्षर घेऊन 'मामा तलाव' म्हणतात. गोंड राजांच्या अमदानीत कोहळी समाजातल्या जाणत्यांनी त्यांतले पुष्कळसे बांधले. पाळ कुठे घालायची, सांडवा किती उंच ठेवायचा, गाळ केव्हा काढायचा, हे सारं माणसांच्या डोक्यात होतं. १९५१ च्या सुमारास मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी गेली हे बरंच झालं, त्यात शंका नाही. पण तलाव राखण्याचं काम ज्यांच्याकडे पिढीजात होतं त्यांना विचारेनासं झालं, पाळी फुटल्या, गाळ साचला. आणि तलाव उथळ झाला तशा भोवतालच्या घरांच्या विहिरीही. तुमच्या परसातली विहीर मार्चमध्ये का आटते याचं उत्तर कधीकधी अर्ध्या कोसावरच्या तलावात असतं. बोडीचंही तेच. गाळ काढायला यंत्रं येतात, पैसे येतात. पाळीवर उभं राहून "इथून नको, तिथून काढ" म्हणणारा म्हातारा मात्र कोणत्याही अंदाजपत्रकात नसतो.

म्हणून अर्ज करणार असाल, तर मावशींच्या वर्गावरून सुचलेल्या दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवा. अर्जात 'मानधन' हा रकाना वेगळा आणि सगळ्यांत वर लिहा. तो 'इतर खर्च' या सदरात कोंबलात की कात्री पहिल्यांदा तिथेच लागते. शिकवणारीचा प्रवास आणि बुडालेली मजुरी मानधनात मिसळू नका. किती लिटर वाचणार असं कुणी विचारलं तर मोठमोठे आकडे फेकू नका; बादली आणि घड्याळ घेऊन दहा घरं आधी मोजा, वर्गानंतर पुन्हा मोजा आणि जे येईल ते लिहा. वस्तू देऊ करणाऱ्याला नाही म्हणू नका, पण वस्तूंबरोबर शिकवणीचे पैसे मागा. आणि शहरात राहत असाल तर महापालिकेतल्या महिला व बालकल्याण समितीच्या दारावर एकदा टकटक कराच. आम्ही केली आहे. फाइल पुढे सरकली आहे असं ऐकते, किती ते विचारू नका.

दुसऱ्या वर्गाची नावं आत्ताच तीस झाली आहेत, आणि गेल्या वेळी वाणाचे पैसे न देणाऱ्या बाईंच्या सासूबाईंनी स्वतः येऊन नाव नोंदवलं आहे. मावशींनी मात्र निरोप पाठवला आहे, की धानाची कापणी-मळणी उरकल्याशिवाय येणं जमायचं नाही, आणि या वेळी बैठकीचे सहाशे घेईन. तेव्हा वर्ग डिसेंबरात. सहाशे मंजूर आहेत.